परसदारी उभा राहिलेला तट : आयर्लंडमधल्या फेथर्ड गावाचं प्रकरण

फेथर्ड हे आयर्लंडच्या टिपररी परगण्यातलं दीड-पावणेदोन हजार वस्तीचं गाव. क्लॉनमेल शहराच्या उत्तरेला, क्लॅशॉली नावाच्या छोट्या नदीकाठी ते वसलं आहे. पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर कॅशेलचा प्रसिद्ध खडक आहे आणि पर्यटकांच्या बसगाड्या तिथेच जातात. (वेक्सफर्ड परगण्यात समुद्राकाठी याच नावाचं आणखी एक गाव आहे. जुने कागद चाळताना या दोन फेथर्डांची गफलत हमखास होते.)

या लहानशा गावाला दगडी तट आहे. सुमारे ११०० मीटर लांबीचा, साडेसात हेक्टरांना वेढा घालणारा, आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग अजून उभा. आयर्लंडमध्ये याहून पूर्ण तट आहे तो डेरी शहराचा, पण तो १६१३ ते १६१९ मधला, तोफांच्या काळातला. मध्ययुगीन तटांपुरतं बोलायचं तर फेथर्डइतका सलग तट त्या देशात दुसरा नाही. डब्लिन, किल्केनी, द्रॉहिडा ही कितीतरी श्रीमंत शहरं, त्यांचे तट याहून मोठे होते. आज तिथे तुकडे दिसतात, एखादी वेस दिसते.

मग या खेडेवजा गावाला हे जमलं कसं? वारशावर लिहिणारे लोक बहुतेकदा ‘गावकऱ्यांनी प्राणपणाने जपला’ असं काहीतरी सांगतात. फेथर्डचा इतिहास पाहिला तर माझं मत वेगळं होतं. इथला तट बराच काळ कुणी जपला नाही. तो लोकांच्या उपयोगाचा राहिला, आणि तो पाडून कुणाचा फायदा होणार नव्हता, एवढंच. आज त्याला स्मारकाचा मान मिळाला आहे आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

तटाचा खर्च

गावाची आखणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. इंग्लंडच्या जॉन राजाने १२०१ मध्ये विल्यम द ब्रूझ या नॉर्मन सरदाराला आयर्लंडमध्ये मोठा मुलूख दिला, त्यात हा भाग होता. पुढे राजाची मर्जी फिरली. ब्रूझ परागंदा झाला, त्याची बायको आणि मुलगा राजाच्या कैदेत उपाशी मेले. १२१५ मध्ये फेथर्ड कॅशेलच्या आर्चबिशपकडे गेलं. म्हणजे गाव वसवलं सरदाराने आणि वाढलं धर्मपीठाच्या मालकीखाली.

वसवताना धोरण साधं होतं. मधोमध रुंद रस्ता, कारण बाजार तिथेच भरायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद तोंडाच्या, मागे लांबवर गेलेल्या जागा. दर्शनी भागात दुकान नि घर, मागे अंगण, गोठा, भाजीपाला. अशी जागा घेणारा वर्षाचं ठरावीक भाडं देई आणि त्या बदल्यात त्याला गावच्या व्यापाराचे हक्क मिळत. या लांबट पट्ट्यांची मागची टोकं पुढे तटाला जाऊन भिडली. ही गोष्ट लक्षात ठेवायची, पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

तटासाठी पैसा कुठून आला? १२९२ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने गावाला म्युरेज वसूल करायची परवानगी दिली. हा कर आपल्याला नवा नाही, जकातच ती. वेशीतून विकायला येणाऱ्या मालावर नगामागे, गाडीमागे, ओझ्यामागे काही पैसे घ्यायचे आणि ते तटाच्या बांधकामावरच खर्चायचे. अशा परवान्यांत मालाची लांबलचक यादी असे : कातडी, लोकर, मीठ, दारू, मासे, जनावरं. मुदतही ठरलेली असे, ती संपली की पुन्हा अर्ज. फेथर्डला १३७६ मध्ये तिसऱ्या एडवर्डकडून पुन्हा सवलत मिळाली. यावरून दोन अंदाज करता येतात. एक, पहिल्या वसुलीत काम पुरं झालं नव्हतं. दुसरा, तट म्हणजे एकदा बांधला नि झाला असा प्रकार नव्हता, त्याला पिढ्यान्‌पिढ्या पैसा लागत होता. आज दिसणारी भिंतही एका हातची नाही. दगडांच्या थरांची धाटणी जागोजागी बदलते, ती बारकाईने पाहिली तर काम कुठे थांबलं नि कुठे पुन्हा सुरू झालं हे वाचता येतं.

तट शत्रूसाठी होताच. पण माझ्या मते रोजच्या व्यवहारात त्याचं मोठं काम जकातीचं होतं. चहूबाजूंनी भिंत असली की माल वेशीतूनच आणावा लागतो. ज्या करातून तट उभा राहिला, त्या कराची वसुलीही तटामुळेच शक्य झाली.

एव्हरार्ड आणि १६०८ ची सनद

पंधराव्या-सोळाव्या शतकात गाव बऱ्यापैकी सुस्थितीत होतं. तटाच्या आत दगडी मनोरेवजा घरं उभी राहिली. त्यांतली काही आजही आहेत, एक तर चर्चच्या आवाराला लागूनच आहे. होली ट्रिनिटी चर्चचा गाभा तेराव्या शतकातला, त्याचा भक्कम मनोरा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तटाबाहेर पूर्वेला ऑगस्टिनियन साधूंचा मठ होता, चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थापन झालेला. १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या धोरणानुसार तो बंद झाला. एकोणिसाव्या शतकात डागडुजी होऊन तिथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली.

या काळातलं मोठं घराणं एव्हरार्डांचं. त्यातले सर जॉन एव्हरार्ड न्यायाधीश होते, पण राजा हाच धर्माचा प्रमुख अशी शपथ घ्यायला कॅथलिक म्हणून त्यांनी नकार दिला आणि १६०७ मध्ये पद सोडलं. तरी पुढच्याच वर्षी, १६०८ मध्ये, फेथर्डला पहिल्या जेम्स राजाकडून नवी सनद मिळाली आणि गावची नगरसभा कायद्याने पक्की झाली. आणखी पाच वर्षांनी, १६१३ मध्ये, डब्लिनच्या संसदेत सभापतिपदावरून जो तमाशा झाला त्याचे नायकही हेच. सरकारी पक्षाचे सभासद मतमोजणीसाठी बाहेर गेले, तेवढ्यात कॅथलिक सभासदांनी एव्हरार्डांना सभापतींच्या खुर्चीत बसवून टाकलं. सरकारी मंडळी परतली ती भडकूनच. त्यांनी आपले उमेदवार सर जॉन डेव्हिस यांना उचललं आणि थेट एव्हरार्डांच्या मांडीवर नेऊन बसवलं. डेव्हिस अंगाने चांगलेच स्थूल होते. सभागृहात खुर्च्या-माइकची फेकाफेक पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

नगरसभेचा मुद्दा मात्र विनोदाचा नाही. सनद असलेली नगरसभा होती तोवर तट कुणाचा, डागडुजी कुणी करायची, वेशीची दारं कुणाच्या ताब्यात, याला उत्तर देणारी एक संस्था गावात होती.

क्रॉमवेलची रात्र

फेब्रुवारी १६५०. इंग्लंडच्या संसदेच्या फौजेचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याने आदल्या सप्टेंबरात द्रॉहिडात आणि ऑक्टोबरात वेक्सफर्डमध्ये कत्तल घडवलेली. त्या बातम्या फेथर्डपर्यंत पोचल्या नसतील हे शक्यच नाही. अशात २ फेब्रुवारीच्या रात्री, वादळी पावसात, त्याची तुकडी गावाबाहेर येऊन थडकली. क्रॉमवेलने नंतर लंडनला पाठवलेल्या पत्रात गावाचं वर्णन आहे : भिंत चांगली, गोल आणि चौकोनी बुरुजांची, जुन्या पद्धतीच्या तटबंदीची. त्याचे लोक बाहेरच्या जुन्या मठात घुसून तिथेच थांबले. आणि त्याच पत्रात तो हेही सांगतो की त्याच्याजवळ त्या वेळी ना शिड्या होत्या ना तोफा.

आत किल्लेदार होता पियर्स बटलर. त्याला बाहेर नेमकं काय आहे हे अंधारात कळायला मार्ग नव्हता. रात्रभर निरोपांची ये-जा झाली आणि पहाटेपर्यंत करार ठरला. कलमं त्या काळाच्या मानाने फारच उदार होती. शिबंदीने हत्यारं, घोडे, निशाणं घेऊन बाहेर पडावं, रहिवाशांच्या मालमत्तेला धक्का लागू नये, आणि मुख्य म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंनाही सुखरूप जाऊ द्यावं. द्रॉहिडात धर्मगुरूंचं काय झालं ते पाहता हे शेवटचं कलम वाचून थबकायला होतं.

बटलर भित्रा होता की धूर्त, यावर वाद घालता येईल. मला तरी त्याचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. तोफा आज नसल्या तरी आठवड्याने आल्या असत्या, आणि तोफेपुढे ही पातळ उभी भिंत टिकली नसती. त्याच वर्षी मे महिन्यात क्लॉनमेलने झुंज दिली. तिथे क्रॉमवेलची दीड-दोन हजार माणसं पडल्याचं सांगतात, पण शेवटी शहर गेलंच. फेथर्डच्या तटाला भगदाड पडलं नाही, कारण त्यावर एकही गोळा डागला गेला नाही.

तट कुणाच्याच नावावर नाही

त्यानंतरची दोनशे वर्षं म्हणजे उतरती कळा. अठराव्या शतकाच्या मध्यावर एव्हरार्डांची जहागीर विकली गेली. घेणारा थॉमस बार्टन, फ्रान्समधल्या बोर्दोत दारूच्या व्यापारात गब्बर झालेला आयरिश माणूस. आयर्लंड ब्रिटनला जोडणाऱ्या १८०० च्या एकीकरणाच्या कायद्याने फेथर्डचे डब्लिन संसदेतले दोन सभासद गेले. १८४० च्या नगरसभा कायद्याने मोजकी दहा शहरं वगळता बाकीच्या जुन्या नगरसभा बरखास्त केल्या, त्यात फेथर्डचीही गेली. पाठोपाठ बटाट्याचा दुष्काळ आला. बराच काळ गावात लष्करी छावणी होती, तीही १९२२ मध्ये उठली. रेल्वे आली नि १९६७ पर्यंत बंदही झाली.

या घसरणीचा तटाशी संबंध दुहेरी. शहर वाढलं की तट आड येतो. रस्ता रुंद करायचा, नवी पेठ वसवायची, तर आयता घडवलेला दगड हाताशी असतोच. किल्केनीत, द्रॉहिडात असंच होत गेलं. फेथर्डला वाढच नव्हती, त्यामुळे तट पाडायची निकड कुणालाच नव्हती. अपवाद वेशींचा. गाडीघोड्याला अडचण करणाऱ्या वेशी एकेक करून गेल्या आणि उत्तरेची कमान तेवढी राहिली. आजही त्या कमानीखालून मोटारी जातात.

दुसरी बाजू मालकीची. नगरसभा गेल्यावर तट म्हणून त्याचा धनी उरला नाही. पण ते लांबट पट्टे होते तसेच होते, आणि ज्याच्या पट्ट्याच्या टोकाला भिंत होती त्याला फुकटात सहा-सात पिढ्या टिकेल असं कुंपण मिळालं. त्याला टेकून पडव्या निघाल्या, गोठे-तबेले उभे राहिले. कुणी त्यात दार फोडलं, कुणी वरचे दगड काढून खालचं भोक बुजवलं. इतिहासप्रेमी माणसाला हे पाहून चीड येईल. पण परसातली आपल्या मालकीची भिंत कोसळली तर नुकसान आपलं, म्हणून माणूस ती बुजवतो, लिंपतो. सरकारी ओसाड भिंतीच्या वाट्याला एवढंही येत नाही.

वावर असला की वस्तू टिकते

याच मुद्द्याची दुसरी बाजू फेथर्डच्या दगडी बायका दाखवतात. आयर्लंडमध्ये चर्च, किल्ले, तट यांच्या भिंतींत काही विचित्र स्त्रीमूर्ती सापडतात, त्यांना शीला-ना-गिग म्हणतात. नग्न, पाय फाकवलेली, हातांनी योनी दाखवणारी बाई. दृष्ट काढणारी म्हणावी, पापाची ताकीद म्हणावी की जुन्या देवतेची खूण, अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्याकडच्या लज्जागौरीची आठवण होणं साहजिक आहे, पण दोन्हींचा ऐतिहासिक धागा जोडायला कुठलाही पुरावा नाही आणि तो मोह टाळलेला बरा.

वॉटरगेट पुलाजवळ तटाच्या बाहेरच्या अंगाला जी आहे तिच्याकडे पाहताना आधी बरगड्या दिसतात. एकेक मोजता येईल अशा कोरलेल्या. डोकं मोठं, टक्कल पडल्यासारखं, चेहऱ्यावर रेघा, डोळे बाहेर आलेले. पुरुषाला रिझवण्यासाठी ही कोरलेली नाही एवढं नक्की. लोक तिला भिंतीवरची चेटकीण म्हणत आले. पुलावरून दिवसभर माणसं जातात आणि ती जागच्या जागी आहे.

गावापासून थोड्या अंतरावर किल्टिनन इथे पडक्या चर्चच्या भिंतीत अशीच एक उत्तम मूर्ती होती. जानेवारी १९९० मध्ये ती चोरांनी उपटून नेली. मूळ मूर्ती परत आली नाही, आता तिथे तिची प्रतिकृती बसवली आहे. दोन्ही मूर्तींना कायद्याचं संरक्षण सारखंच होतं. फरक शेजारपाजाराचा होता.

होली ट्रिनिटी चर्चचंही तसंच. बरीच वर्षं त्याची किल्ली मेन स्ट्रीटवरच्या दुकानात मिळत असे. पाहायला आलेल्या माणसाने दुकानात जाऊन किल्ली मागायची, चर्च बघायचं, परत आणून द्यायची. तिकीट खिडकी, पहारेकरी, कॅमेरे या सगळ्यांपेक्षा ही व्यवस्था मला जास्त पटते. येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा गावातल्या एका माणसाने तरी पाहिलेला असतो.

स्मारक झाल्यावरचे प्रश्न

२००५ मध्ये आयर्लंडच्या हेरिटेज कौन्सिलने तटबंदीच्या गावांचं एक जाळं उभारलं, फेथर्ड त्यात आहे. २००८ मध्ये सरकारने शहरांच्या तटबंदीविषयी राष्ट्रीय धोरण काढलं. त्यातलं महत्त्वाचं सूत्र असं की गावाचा तट तुकड्यातुकड्याने मोजायचा नाही. उभा भाग, पडलेला भाग, जमिनीखाली राहिलेला पाया, बाहेरचा खंदक, हे सगळं मिळून एकच स्मारक. विचार योग्य आहे, पण जमिनीवर त्याचा अर्थ काय होतो? कागदावर स्मारक एक, आणि प्रत्यक्षात त्याच्या पाठीला चिकटलेल्या घरमालकांची रांग. एकाच्या परसातली भिंत नीट केली आणि शेजाऱ्याच्या हद्दीत तिच्या माथ्यातून पाणी मुरत राहिलं, तर केलेला खर्च दोन हिवाळ्यांत वाया जाऊ शकतो. दुरुस्तीसाठी परांची बांधायची तरी खाजगी अंगणातून वाट मागावी लागते.

कामाचा तपशील पाहिला की खर्च का वाढतो ते कळतं. भिंत चुनखडीच्या दगडाची : दोन बाजूंना घडीव-अर्धघडीव दगडांचे चेहरे आणि मधे चुन्यात बसवलेला भराव. विसाव्या शतकात अशा भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सर्रास सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट कडक आणि बंद. आत शिरलेलं पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही, ते दगडातून वाट काढतं. थंडीत ते गोठतं, फुगतं आणि दगडाचा चेहरा सोलून काढतं. चुना मऊ असतो, ओलावा बाहेर जाऊ देतो, आणि झिजायचं तर आधी स्वतः झिजतो. म्हणून जुनं सिमेंट छिन्नीने हळूहळू उकरून पुन्हा चुना भरावा लागतो. चुना सावकाश पक्का होतो आणि दंव पडलं की फुटतो, त्यामुळे आयर्लंडमध्ये हे काम साधारण एप्रिल ते सप्टेंबरातच करायचं. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टाकून त्या जपायच्या. आपल्याकडे किल्ल्यांवर चुना मळायच्या घाणीवर काम केलेल्या कारागिरांना यातलं काहीच नवं वाटणार नाही, त्यांची अडचण उलट उन्हाची.

त्यात आयव्हीची वेल. वरून हिरवीगार, फोटोत सुंदर. आत तिची मुळं भरावात गेलेली असतात आणि कधीकधी तीच सुट्टे दगड धरून ठेवतात. उत्साहाने ओढून काढली तर वेलीबरोबर भिंतही येते. बुंध्याशी कापायची, वाळू द्यायची, मग भाग-भाग उतरवत मागोमाग दरजा भरायच्या. भिंतीच्या फटीत वटवाघळं असली तर वन्यजीव खात्याची परवानगी वेगळी.

या पार्श्वभूमीवर गावातल्या जुन्या थोल्सेलचा, म्हणजे नगरसभागृहाचा निर्णय मला चांगला वाटतो. सतराव्या शतकातली ही इमारत, दर्शनी भिंतीवर एव्हरार्डांचं चिन्ह. कौंटी कौन्सिल, स्थानिक इतिहास मंडळ आणि शेजारचा कूलमोर हा जगप्रसिद्ध अश्वपैदास फार्म यांनी मिळून ती नीट केली आणि २०१७ मध्ये तिथे घोड्यांविषयीचं प्रदर्शन उघडलं. मध्ययुगीन इमारतींच्या गावात घोडे कशाला, अशी नाकं मुरडणारे भेटतील. पण या परिसराचं पोट घोड्यांवर चालतं. वर्षभर उघडी, तापवलेली, माणसांनी भरलेली इमारत ओलसर बंद इमारतीपेक्षा शंभर पटींनी सुरक्षित. (मेन स्ट्रीटवरच मॅकार्थीज नावाचं ठिकाण आहे. दारूचा गुत्ता, खानावळ आणि अंत्यविधीची व्यवस्था, तिन्ही तिथे बरीच वर्षं एकाच छपराखाली चालत आली. एका जागेचे अनेक उपयोग करायची कला या गावाला शिकवायला नको.)

तटाच्या बाबतीत मात्र सार्वजनिक पैसा नदीकाठच्या दर्शनी बाजूकडे जास्त ओढला जातो असं मला वाटतं. तिथे बुरूज आहे, मागे चर्चचा मनोरा आहे, समोर हिरवळ आहे, फोटो झकास येतो. ती बाजू आधी वाचवली हे बरोबरच. पण तटाचा मोठा भाग परसांच्या मागे आहे, रस्त्यावरून न दिसणारा. तिथे पहिला खर्च माथ्यावर व्हायला हवा. वरचे सुटे दगड चुन्यात बसवायचे आणि माथ्याला पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा, किंवा माती-गवताचा मऊ थर घालायचा. दिसायला हे काम काहीच नाही, उद्घाटनाची फीत बांधायलाही जागा नाही, पण पाणी आत जाणं थांबलं की बाकीची घाई कमी होते.

दुसरी गोष्ट मालकांची. परवानगीशिवाय खिळाही ठोकायचा नाही एवढंच त्यांना सांगितलं, तर भिंत त्यांच्या दृष्टीने अडगळ होते आणि मग लहानसा दगड पडला तरी कुणी कळवत नाही. चुन्याच्या दरजा भरायचं शिक्षण, थोडा माल, सल्ल्याला एक जाणकार आणि नोंद ठेवायला वर्षातून एक फेरी, एवढं घरमालकांना दिलं तर ज्या लोकांच्या परसांनी तट इथवर आणला त्यांच्याच हातून तो पुढे जाईल. पुरातत्त्वाच्या जाणकारांना अप्रशिक्षित हातांची धास्ती वाटते, आणि विसाव्या शतकातलं सिमेंट पाहता ती खोटी नाही. तरीही ११०० मीटरांवर दर आठवड्याला नजर ठेवणारी दुसरी कुठली यंत्रणा मला तरी दिसत नाही.